दहावीनंतरचा ‘सरकारमान्य’ सीएनसी कोर्स: पैसे गेले आणि वर्षही गेलं

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावोगावी करिअर मार्गदर्शनाची शिबिरं सुरू होतात. अशाच एका शिबिरातून खानापूर तालुक्यातल्या माझ्या भाच्याचं सीएनसीच्या, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या मशीनच्या कोर्सला ॲडमिशन झालं. बहिणीने बचत गटातून कर्ज काढून ३२,००० रुपये भरले. मी स्वतः आयटीआय टर्नर (लेथवर काम करणारा) आहे, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये काम करतो. हा प्रकार आतून कसा चालतो ते आता मला नीट कळलंय, म्हणून सविस्तर लिहितो. ग्राहक आयोगात तक्रार चालू असल्यामुळे संस्थेचं नाव देत नाही.

शिबिर गावच्या देवळाच्या हॉलमध्ये होतं. मुलांची एक छोटी परीक्षा घेतली आणि बसलेल्या सगळ्यांना निम्मी फी माफ म्हणून सांगितलं. त्यानंतर आईबापांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मराठी शाळेत शिकलेलं पोर पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलं की बहुतेक ठिकाणी विषय इंग्रजी नाहीतर कन्नडमधून शिकावे लागतात, याची धास्ती आपल्या प्रत्येक घरात आहे. ‘आमच्याकडे सगळं मराठीतून शिकवतो, एका वर्षात आयटीआयच्या बरोबरीचं सर्टिफिकेट, कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडे नोकरी’ असं ते म्हणाले. बहिणीला यात खोट दिसावी असं काहीच नव्हतं. शिबिराला गावातलेच चार प्रतिष्ठित लोक पुढे बसले होते. त्यांनाही बहुतेक खरं माहीत नसावं.

मला हे कळलं ते गणपतीला भाचा घरी आला तेव्हा. सीएनसी शिकतोय म्हटल्यावर मी त्याच्या हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन दिलं. त्याला ते वाचता येईना. जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) तोंडपाठ होते, पण मशीनच्या चकमध्ये जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कधी बांधलेला नव्हता, कारण संस्थेत मशीनच नाही. दोन संगणक, त्यावर स्क्रीनवर चालणारं सिम्युलेटर, आणि ‘प्रॅक्टिकल’च्या नावाखाली पोरांना एका कारखान्यात कास्टिंग (ओतीव भाग) उचलायला आणि घासायला लावलेलं. त्याची मजुरी पोरांना मिळाली नाही. सोळा वर्षांच्या मुलांकडून हे करून घेतलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

‘सोड आणि आयटीआयला जा’ म्हणालो, तर भाचा म्हणाला, “मामा, ओरिजिनल कागद कोर्स संपल्याशिवाय मिळत नाहीत म्हणून सांगालेत.” मार्क्स कार्ड आणि शाळेचा दाखला, दोन्ही त्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच काढून घेतले होते. खरा फास हाच आहे. आयटीआयची ॲडमिशन निकालानंतरच्या ठरावीक मुदतीत उरकते. तेवढा वेळ कागद अडकवून ठेवले की पोराला दुसरीकडे जायची वाटच राहत नाही, आणि पुढचे हप्ते मुकाट्याने भरले जातात.

वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट मिळालं. ते मी नीट वाचलं. वर आयएसओ ९००१, खाली ‘भारत सरकारच्या १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली नोंदणीकृत’, बाजूला उद्यम नोंदणीचा नंबर, एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदीचा) नंबर आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. यातली एकही गोष्ट कोर्सला मान्यता देत नाही. आयएसओचा कागद खासगी कंपन्या देतात आणि तो कामाच्या पद्धतीपुरता असतो. उद्यम नोंदणी आधार नंबरवर कुणालाही फुकट करता येते, ती धंद्याची नोंद आहे. ट्रस्ट नोंदला म्हणजे त्याला परीक्षा घ्यायचा अधिकार मिळत नाही. क्यूआर कोड मोबाईलवर उघडला तर त्याच संस्थेची वेबसाइट उघडली, म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट खरं असल्याची साक्ष तेच देणार! कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत भाचा गेला, तिथे पहिलाच प्रश्न आला: एनटीसी कुठे आहे? एनटीसी म्हणजे नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. आयटीआय करून अखिल भारतीय ट्रेड टेस्ट पास झाल्यावर मिळतं ते.

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा की सर्टिफिकेट कोण देणार. आयटीआयचा ट्रेड असेल तर केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, म्हणजे डीजीटी (पूर्वी एनसीव्हीटी), किंवा राज्याची व्यवसाय प्रशिक्षण परिषद, एससीव्हीटी. छोटा कोर्स असेल तर एनसीव्हीईटीने (व्यवसाय शिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची परिषद) मान्य केलेली संस्था, आणि तो कोर्स राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या सरकारी वेबसाइटवर नावानिशी सापडला पाहिजे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं बोधचिन्ह लावून कुणी फी मागत असेल तर तिथूनच परत फिरा, त्या योजनेत मुलांना फी नसते. आणि ओरिजिनल कागद दाखवून लगेच परत घ्या, खासगी क्लासवाल्याकडे झेरॉक्स पुरते. मशीनवर शिकायचं असेल तर उद्यमबागेतल्या जीटीटीसीत, म्हणजे सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्रात आधी चौकशी करा. एसएसएलसीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा (कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवण्याचा) डिप्लोमा तिथे करता येतो, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यातलं प्रशिक्षण. आमच्या कारखान्यात तिथून आलेल्या पोरांना काम शिकवत बसावं लागत नाही.

भाच्याचे कागद परत मिळाले. शाळेचे हेडमास्तर स्वतः बरोबर आले आणि पोलिसांत द्यायच्या लेखी तक्रारीची प्रत आम्ही टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे त्यांनी कपाट उघडलं. यंदा तो आयटीआयच्या फिटर ट्रेडला अर्ज भरतोय. पैसे मात्र परत आलेले नाहीत. पावतीवर ‘फी’ असं कुठेच नाही, ‘ट्रस्टला देणगी’ असं लिहिलंय, आणि त्याच्याच आधारावर ते हात वर करतायत.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्जही करता येतो. आमच्याबरोबर त्या शिबिरातल्या आणखी काही मुलांचे पालक आलेत. तुमच्याकडेही अशी ‘देणगी’ची पावती असेल तर ती फेकू नका. शिबिराचं पत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनपेच्या नोंदी, सगळं एका फाइलमध्ये लावा. पहिली चौकशी करायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.