नर्व्ह ब्लॉकमधलं डेक्समेडेटोमिडीन: अर्धा मिली पुरे

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नर्व्हजवळ बधिर करणारं औषध (लोकल अ‍ॅनेस्थेटिक) टोचून तेवढा भाग बधिर करणं. रोपिव्हकेन किंवा बुपिव्हकेन या अशा औषधांचा एकदाच दिलेला ब्लॉक बहुतेकदा मध्यरात्रीच्या आसपास उतरतो, आणि नेमका तेव्हाच पेशंट कळवळून उठतो. नर्व्हजवळ कॅथेटर (औषध देत राहणारी बारीक नळी) न ठेवता ती रात्र निभवायची तर लोकल अ‍ॅनेस्थेटिकमध्ये काहीतरी मिसळावं लागतं. गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी या कामाला आम्ही एकाचीच शिफारस करू: डेक्समेडेटोमिडीन (थोडक्यात डेक्समेड). मिडॅझोलॅम नर्व्हजवळ नकोच, प्रयोगशाळेत ते चेतापेशींना घातक ठरलं आहे. केटामाइनने ब्लॉकची मुदत भरवशाने वाढत नाही, भास मात्र होऊ शकतात. क्लोनिडीन डेक्समेडच्याच कुळातलं आणि दोनेक तास वाढवतं, पण नाडी-रक्तदाबाचा त्रास तिथेही आहेच.

डेक्समेड ब्लॉक लांबवतं कसं, हे समजलं की डोस आपोआप आवरता येतो. शिरेतून दिल्यावर ते अल्फा-२ रिसेप्टरवर (पेशीवरची औषध चिकटण्याची एक जागा) काम करतं, नर्व्हजवळ मात्र त्याचा मार्ग वेगळा आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत अल्फा-२ रोखणारं औषध देऊनही ब्लॉक लांबलेलाच राहिला. आवेग जाऊन गेल्यावर नर्व्हला पुन्हा पूर्वपदावर आणणारा एक आयन-प्रवाह असतो, तो डेक्समेड अडवतं, आणि वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंवर (सी-फायबर) हा परिणाम जास्त दिसतो. गुंगी आणि मंद नाडी येते ती रक्तात शोषल्या गेलेल्या भागामुळे. म्हणून डोस दुप्पट केला तर नर्व्हला थोडंच जास्त मिळतं, हृदयाला मात्र पुरेपूर.

स्वयंसेवकांच्या अल्नर नर्व्हवर (हातातली एक नर्व्ह) ०.७५ टक्के रोपिव्हकेन ३ मिली देऊन मोजलेले आकडे बोलके आहेत. नुसतं रोपिव्हकेन सुमारे ३५० मिनिटं टिकलं. त्यात २० मायक्रोग्रॅम डेक्समेड मिसळल्यावर ५५५ मिनिटं, आणि तेवढंच डेक्समेड शिरेतून दिल्यावर ३९५. म्हणजे फायदा खरोखर मिसळण्यातच आहे.

ब्रेकियल प्लेक्सससाठी (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) ५० मायक्रोग्रॅम पुरेत. किलोला १ मायक्रोग्रॅम हा अनेक अभ्यासांतला डोस वजनदार पेशंटमध्ये विनाकारण वर जातो. व्हायल १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची असते, तेव्हा ५० म्हणजे अर्धा मिली. तो १ मिलीच्या सिरिंजमध्येच घ्यावा. हाताशी इन्सुलिन सिरिंज असेल तर आधी तिच्यावरचे आकडे पाहा: ४० युनिटवाल्या सिरिंजवर अर्धा मिली म्हणजे २० युनिट, १०० युनिटवालीवर ५०. इथली गफलत सहज होते आणि डोस दुपटीहून पुढे जातो. २ मिलीची अख्खी व्हायल रिकामी केली तर थेट २०० मायक्रोग्रॅम, चौपट.

०.५ टक्के रोपिव्हकेन २० मिलीमध्ये हा अर्धा मिली घातल्याने रोपिव्हकेनची तीव्रता नावापुरतीच उतरते. आयसीयूतली ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीची तयार पिशवी मात्र इथे चालत नाही. तिच्यातून ५० मायक्रोग्रॅम घ्यायला साडेबारा मिली लागतात, ०.५ टक्क्याचं ०.३१ होतं, आणि मग ब्लॉक कच्चा राहिला की दोष सुईच्या जागेला दिला जातो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच व्हायल घ्यावी, मिसळल्यावर सिरिंज दोन-तीनदा उलटीसुलटी करावी आणि लगेच लेबल लावावं. नर्व्हजवळचा वापर अधिकृत मंजुरीच्या पलीकडचा आहे, हे संमती घेताना पेशंटला सांगायलाच हवं.

त्रास येतो तो बहुधा नाडीचा. पहिला तासभर ईसीजी, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर नजर हवी, अ‍ॅट्रोपिन आणि एफेड्रिन भरून ठेवलेलं हवं. नाडी पन्नाशीखाली गेली पण रक्तदाब उत्तम असेल तर घाईने अ‍ॅट्रोपिन देऊ नये. दोन्ही खाली आले तर औषध द्यायला थांबू नये. हार्ट ब्लॉक, आधीच मंद नाडी, बीटा-ब्लॉकर चालू असलेले, रक्तस्रावाने किंवा उपाशीपणाने कोरडे पडलेले पेशंट यांना हे मिश्रण देऊ नये. खांद्याच्या शस्त्रक्रियेत पेशंटला बसतं केलं की रक्तदाब तसाही कोसळतो, तिथे तर दोनदा विचार करावा.

गुंगीचं एक नुकसान सहसा बोललं जात नाही. लोकल अ‍ॅनेस्थेटिक रक्तात चढू लागलं की ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो. गुंगीतला पेशंट हे सांगत नाही. त्यामुळे वरून मिडॅझोलॅम-फेंटानिल नको, आणि दर ५ मिलीला सिरिंज मागे ओढून पाहणं, पेशंटला बोलतं ठेवणं सोडू नये.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडशी तुलना केली तर वेदनाशमन डेक्सामेथासोनच जास्त काळ देतं, आणि गुंगी किंवा रक्तदाबाचा त्रास नसतो. शिरेतून दिलं तरी बराचसा फायदा मिळतो. रोपिव्हकेनमध्ये मिसळल्यास स्फटिक पडू शकतात, म्हणून शिरेतूनच बरं. आमची पहिली पसंती शिरेतल्या डेक्सामेथासोनलाच. डेक्समेड घ्यावं ते स्टेरॉइड टाळायचं असेल तेव्हा, किंवा ब्लॉक लवकर चढायला हवा असेल तेव्हा.

लांबते ती फक्त वेदनामुक्ती नव्हे, हातपायाची हालचालही तेवढीच उशिरा परतते. कम्पार्टमेंट सिंड्रोमची (सुजेच्या दाबाने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणं) भीती असलेल्या फ्रॅक्चरमध्ये हे औषध नको, कारण धोक्याची वेदनाच झाकली जाते. इंटरस्केलिनमध्ये (खांद्यासाठी मानेत दिलेला ब्लॉक) डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदाही, जास्त वेळ अडतो, फुफ्फुसं कमजोर असतील तर ते झेपत नाही. पायाचा ब्लॉक असेल तर आधाराशिवाय उभं राहू नये, हाताचा असेल तर झोळी काढू नये आणि गरम भांड्याला तो हात लावू नये, हे पेशंटला आणि सोबतच्या माणसाला दोघांनाही लिहून द्यावं. गोळ्यांची पहिली मात्रा ब्लॉक उतरण्याआधी, बोटांत मुंग्या येऊ लागताच घ्यायची, हेही त्याच कागदावर असावं.