पोटातील मुरड्यासाठी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल

पोटात मुरडा आला की पुण्यातल्या पुष्कळ घरांत आधी ओवा-सैंधव, मग हिंगाचे पाणी आणि तेवढ्याने भागले नाही तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ‘स्पासची गोळी’ हा क्रम ठरलेला असतो. त्या गोळीत बहुधा डायसायक्लोमिनच्या जोडीला मेफेनामिक ॲसिड असते. पहिले औषध आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन सैलावते, तर दुसरे वेदनाशामक असून ते जठराच्या अस्तराला त्रास देऊ शकते. शिवाय त्याच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीविषयी भारतीय फार्माकोपिया आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिलेला आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस (पोटदुखीबरोबर शौचाच्या सवयी बिघडवणारा आतड्याचा जुनाट त्रास), असलेल्या माणसाने ती गोळी सवयीची करावी हे मला पटत नव्हते. माझ्या डॉक्टरांनी पर्याय म्हणून पेपरमिंट तेलाची एन्टेरिक कोटेड कॅप्सूल लिहून दिली, तिच्याविषयी हे परीक्षण.

या कॅप्सूलचे सारे मर्म तिच्या आवरणात आहे. तेलातील मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरण्यास अटकाव करते आणि त्यामुळे आवळलेला स्नायू सैल होतो. मात्र हेच तेल जठरात सुटले तर अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैलावते आणि छातीत जळजळ सुरू होते. म्हणून जठरातील आम्लात टिकून पुढे लहान आतड्यात विरघळणारे आवरण तिला दिलेले असते. ती चावायची नाही, जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर गिळायची आणि त्याच वेळी अँटासिड घ्यायचे नाही, कारण जठरातील आम्ल कमी झाले की आवरण वेळेआधीच विरघळते. इतक्या महत्त्वाच्या सूचना पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत आणि मराठीत एकही ओळ नसावी, ही माझी मुख्य तक्रार आहे.

परिणामाबद्दल मी समाधानी आहे. जेवणानंतर बेंबीभोवती पोट आवळून येण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले, आणि डायसायक्लोमिनने तोंडाला पडणारी कोरड इथे अजिबात जाणवली नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही आयबीएसच्या त्रासासाठी पेपरमिंट सुचवलेले आहे, तरी त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही, हेही तिथेच नमूद आहे. बद्धकोष्ठतेवर मात्र मला तिचा काही उपयोग झाला नाही, आणि पोटफुगीत पडलेला फरक इतका थोडा होता की त्याचे श्रेय मी कॅप्सूलपेक्षा रात्रीची उसळ बंद करण्याला देईन. अधूनमधून पुदिन्याच्या वासाचे ढेकर येतात, ते सहन होतात. मिसळीच्या तर्रीनेसुद्धा ज्यांची छाती जळते, अशा आम्लपित्ताच्या रुग्णांनी ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

किंमत साध्या डायसायक्लोमिनच्या गोळीपेक्षा बरीच जास्त आहे आणि प्रत्येक दुकानात ती तयार मिळत नाही. टिळक रस्त्यावरच्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराने ती मागवून दिली. त्याऐवजी पुदिन्याची आवरण नसलेली कॅप्सूल कोणी पुढे केली तर घेऊ नये, कारण ती जठरातच फुटते. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप किंवा झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काहीही असेल तर ही कॅप्सूल विकत घेण्याआधी तपासणी करून घ्यावी. माझ्या डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहिण्यापूर्वी हेच प्रश्न विचारले होते.