लेक ट्राउटसाठी मोटरहोम कुठे थांबवावी: यलोस्टोन, फ्लॅटहेड की सुपीरियर?

निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन अमेरिकेत फिरणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये मासेमारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘मोठा मासा कुठे मिळतो?’ लेक ट्राउटच्या, म्हणजे थंड, खोल तलावांत राहणाऱ्या माशाच्या बाबतीत या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. यलोस्टोन, फ्लॅटहेड आणि सुपीरियर या तिन्ही तलावांत हा मासा मोठा होतो आणि तिन्ही ठिकाणी हुलकावणी देतो. ठरवायचं असतं ते वेगळंच. मासा गळाला लागल्यावर त्याचं काय करायची तुमची तयारी आहे, आणि तुम्ही तिथे नेमके कोणत्या महिन्यात पोहोचणार आहात?

महिन्याचं आधी सांगतो, कारण सगळं गणित तिथेच अडतं. लेक ट्राउटला साधारण १० अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. बर्फ वितळल्यावर काही आठवडे आणि पुन्हा शरद ऋतूत तो किनाऱ्याजवळ येतो, तेव्हा काठावर उभं राहून गळ टाकला तरी आशा असते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी तापलं की तो खोल जातो, तीस-चाळीस मीटर किंवा त्याहूनही खाली. मग बोट हवी, तळ दाखवणारा फिश फाइंडर हवा, आणि आमिष खोलवर नेणारा डाउनरिगर तरी हवा किंवा तळाशी नाचवायचा जड जिग तरी. नातवंडांच्या सुट्ट्या सांभाळून ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर काठावरून मासेमारीचा विचार तिन्हीकडे सोडूनच द्या.

यलोस्टोन लेक वायोमिंग राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटरवर आहे. लेक ट्राउट इथला नव्हे. तो तलावात असल्याचं १९९४ मध्ये उघड झालं. कोणीतरी चोरून आणून सोडला असावा. इथला मूळ मासा म्हणजे कटथ्रोट ट्राउट. तो अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो आणि तिथे अस्वलं, पाणमांजरं, गरुड यांचं पोट भरतो. लेक ट्राउट मात्र तलावातच खोल राहतो, तलावातच अंडी घालतो, त्यामुळे अस्वलाच्या हाती तो लागतच नाही. वर तो कटथ्रोटला खातो ते वेगळंच. म्हणून राष्ट्रीय उद्यानाने जाळी लावून आजवर ४० लाखांहून जास्त लेक ट्राउट काढले आहेत. तुमच्या-आमच्यासाठी नियम सरळ आहे: यलोस्टोन लेकमध्ये पकडलेला लेक ट्राउट जिवंत परत सोडायचा नाही. खायचा नसेल तरी मारायचा, हवेची पिशवी फोडायची आणि खोल पाण्यात बुडवायचा. कटथ्रोट मात्र न चुकता सोडायचा.

हा नियम ऐकून आपल्यातले बरेच जण थबकतात, आणि ते साहजिक आहे. ‘पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा’ एवढ्यावरच ज्यांची हौस भागते, त्यांनी इथे गळ टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टाकणार असाल तर दोन मासे ओळखायला शिका. लेक ट्राउटच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि शेपटीला खोल खाच असते. कटथ्रोटच्या फिकट अंगावर काळे ठिपके आणि जबड्याखाली लालसर-केशरी रेघ.

मुक्कामाचं बोलायचं तर उद्यानात वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे मोटरहोमसारखी राहण्याची वाहनं) मिळतात, आणि अस्वलांमुळे तिथे कडक भिंतींचीच वाहनं चालतात. कापडी तंबूवाल्यांना प्रवेश नाही. नावात फिशिंग असलं तरी त्या पुलावरून मासेमारीला १९७३ पासून बंदी आहे. गाइडसह बोटी ब्रिज बे मरीनातून सुटतात. दुपारी वारा उठतो, लाटा उंच होतात आणि पाणी जीवघेणं थंड असतं. स्वतःची छोटी बोट किंवा कयाक असेल तर दुपारच्या आत काठाला लागा. गळाला उलटा दात चालत नाही, शिशाची छोटी वजनं चालत नाहीत, बोटीची तपासणी आणि परवाना वेगळा. राज्याचा मासेमारी परवाना इथे चालत नाही, उद्यानाचाच घ्यावा लागतो.

आणि उंची. रक्तदाब किंवा श्वासाची तक्रार असलेल्यांना २,३५७ मीटरवर पहिली एक-दोन रात्र जड जाते. मोठं रुग्णालय तासन्‌तास दूर.

फ्लॅटहेड लेक, मोंटाना. वयाच्या पासष्टीनंतर लेक ट्राउटसाठी पहिल्यांदाच निघणाऱ्यांना मी इथेच जा म्हणेन. उंची जेमतेम ८८० मीटर, कॅलिस्पेलला चांगलं रुग्णालय, आणि तलावाभोवती बिगफोर्क, पोलसन, लेकसाइड अशी किराणा-पेट्रोल मिळणारी गावं. मासा इथेही उपराच आहे, पण १९०५ पासून मुरलेला. त्याची खरी भरभराट झाली ती नंतर, वरच्या तलावांत सोडलेली मायसिस नावाची इवलीशी कोळंबी १९८० च्या सुमारास वाहत फ्लॅटहेडमध्ये आली तेव्हा. लेक ट्राउटच्या पिल्लांना आयतं खाद्य मिळालं, ती फोफावली. कोकॅनी जातीचा सामन मासा जवळपास नाहीसा झाला आणि मूळचा बुल ट्राउट संकटात आला. इथे मासा मारायची सक्ती नाही, पण नियमात बसणारे जितके न्याल तितकं बरंच, अशी इथली दृष्टी. तलावाचा दक्षिण अर्धा भाग कॉन्फेडरेटेड सेलिश अँड कूटेने ट्राइब्ज या मूळनिवासी जमातींच्या राखीव क्षेत्रात येतो. त्यांचीच ‘मॅक डेज’ नावाची स्पर्धा वसंतात आणि शरदात भरते, त्यात खुणा लावलेल्या माशांवर रोख बक्षिसं असतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात लेक ट्राउटला मॅकिनॉ, लाडाने मॅक म्हणतात.

दक्षिण आणि उत्तर भागाचे परवाने वेगळे. बोट मधोमध भटकणार असेल तर गाइडला आधी विचारून घ्या. उत्तरेसाठी मोंटानाचे बाहेरच्यांना तीन वेगवेगळे कागद लागतात: संवर्धन परवाना, मासेमारी परवाना आणि उपद्रवी जलचर रोखण्याचा पास. किनारा बहुतेक खासगी मालकीचा, त्यामुळे मुक्कामाला वेफेअरर्स किंवा फिनली पॉइंटसारखी राज्य उद्यानं बरी.

इथे जिगिंग चालतं. बोट जागेवर स्थिर ठेवून जड आमिष तळापर्यंत सोडायचं, वर-खाली झटकायचं, आणि मासा लागला की तीस मीटर दोर गुंडाळत आणायचा. मजा यातच आहे, पण खांदा दुखरा असेल तर तासाभरात कळतं. अशांनी ट्रोलिंग करणारी, म्हणजे संथ चालत मागे आमिष ओढणारी बोट मागावी. रॉड कठड्याला बसवलेला असतो, तुम्ही खुर्चीत.

ज्यांच्या जोडीदाराला मासेमारीत काडीचाही रस नाही, त्यांच्यासाठीही फ्लॅटहेडच उजवं. जुलैअखेर पूर्व काठावर चेरीच्या बागा भरलेल्या असतात आणि ग्लेशियर नॅशनल पार्क जवळ आहे. फक्त गोइंग टू द सन रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब वाहन नेता येत नाही. मोठी मोटरहोम मुक्कामावर ठेवून मागे ओढत आणलेली छोटी गाडी काढावी.

लेक सुपीरियर या अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या अवाढव्य तलावाची गोष्ट उलटी. इथे लेक ट्राउट मूळचाच. समुद्रातून आलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तपिपासू माशामुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे १९५० च्या दशकापर्यंत तो संपत आला होता. लॅम्प्रेच्या पिल्लांना मारणारं रसायन १९५८ पासून नद्यांत सोडायला सुरुवात झाली, जोडीला पिल्लं सोडली, मर्यादा घातल्या, आणि आज तिथे तो स्वबळावर वाढतो. त्यामुळे इथे मोजकेच मासे ठेवता येतात आणि बोटीवरचे लोक त्याच्याशी अदबीने वागतात. मिनेसोटाच्या उत्तर काठावर, डलूथपासून हायवे ६१ ने वर जाताना, टू हार्बर्स आणि ग्रँड मरे इथून चार्टर बोटी, म्हणजे कॅप्टनसह भाड्याने मिळणाऱ्या बोटी सुटतात. एका बोटीत बहुधा सहा जणांपर्यंत घेतात, म्हणजे दोन-तीन जोडप्यांनी मिळून भाडं वाटून घेतलं तर परवडतं. साहित्य कॅप्टनचं, तुम्ही फक्त परवाना, परवान्यासोबतचा ट्राउटसाठीचा वेगळा शिक्का आणि जुलैतही जाड जॅकेट घेऊन जायचं. पाणी समुद्रासारखंच हलतं. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यावी, मळमळल्यावर नव्हे. टू हार्बर्सला बर्लिंग्टन बे हा नगरपालिकेचा कॅम्पग्राउंड अगदी तळ्याकाठी आहे आणि १९१० चं स्प्लिट रॉक दीपगृह तिथून जवळ.

खायचं म्हणाल तर माझं मत सुपीरियरकडे झुकतं. मासा तेलकट, बांगड्यासारखा चिंच-कोकम पेलणारा. नारळाच्या पातळ आमटीपेक्षा तिरफळ घालून आटवलेलं तिखलं जास्त जमतं. मात्र खूप खोल राहणारा सिस्कोवेट प्रकार गळाला लागला तर चरबी फारच. तो धुरावला तरच बरा. तिन्हीकडे एक पथ्य पाळा. हा मासा हळू वाढतो, दशकानुदशकं जगतो, आणि म्हाताऱ्या माशात पारा साठतो. खायला लहान ठेवा. यलोस्टोनमध्ये शिजवण्याआधी आणखी एक विचार: माशाचा वास राहिलेली भांडी, पिशव्या, बर्फाची पेटी काहीही बाहेर ठेवू नका, अस्वल विचारपूस करायला येतं.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल आणि वय ६२ पूर्ण असेल तर ८० डॉलरचा आजीवन सीनियर पास काढा. यलोस्टोन-ग्लेशियरचा प्रवेश त्यात येतो आणि अनेक केंद्रीय कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं होतं. व्हिसिटर व्हिसावर मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना तो मिळत नाही. राज्य उद्यानांत, म्हणजे फ्लॅटहेड आणि सुपीरियरच्या काठावर, त्याचा उपयोग नाही. मासेमारीच्या परवान्याशी तर त्याचा संबंधच नाही. राज्यांनी ज्येष्ठांना दिलेल्या परवाना-सवलती बहुतेक रहिवाशांपुरत्याच असतात. घर विकून कायम मोटरहोममध्ये राहणाऱ्या आणि साउथ डकोटा किंवा टेक्सासचा टपाल पत्ता घेतलेल्यांना मोंटाना आणि मिनेसोटात बाहेरचाच दर लागतो, तेव्हा वर्षभराचा परवाना काढण्याआधी एक-दोन दिवसांचा किती पडतो ते पाहून घ्या.