एसी तपासायचा तर गेज लावून, की थर्मामीटर खोचून?

मार्च सरत आला की गाडीचा एसी ‘जरा कमी’ वाटायला लागतो. एसी खरंच कमी झालाय की पुण्याचं ऊनच वाढलंय, हे मात्र ठरत नाही. गॅरेजमध्ये दोन काट्यांचं गेज लावून एसीतल्या गॅसचं प्रेशर बघता येतं, किंवा स्वयंपाकघरातला काडीवाला डिजिटल थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचून गाडी चालवता येते. मी दोन्ही करून बसलोय.

गेजची बाजू भक्कम आहे. इंजिन चालू असताना दोन्ही काटे खाली असतील तर बहुतेक गॅस गळालाय. लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा) काटा वर आणि हाय साइडचा (तिथून दाबून निघालेल्या गॅसचा) खाली असेल तर गॅस दाबणारा कॉम्प्रेसरच थकलाय. हे थर्मामीटर जन्मात सांगणार नाही. मात्र बंद इंजिनावर काटा बघून कुणी ‘गॅस फुल आहे’ म्हणालं तर हसून सोडून द्या. तेव्हा काटा तापमानाप्रमाणे हलतो. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी गॅस किती ग्रॅम आहे ते त्यावरून कळत नाही. किती ग्रॅम लागतो तो आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, आणि खात्री करायची तर गॅस काढून, वजन करूनच भरावा लागतो.

माझं गेजशी बिनसलं ते वेळेवरून. माझी तक्रार दुपारी अडीचची, विद्यापीठ चौकातली. तपासणी सकाळी साडेनऊची, शेडच्या सावलीत. मेकॅनिक व्हेंटपुढे हात धरणार, “बघा साहेब, बर्फ!” काटे जागच्या जागी, माझं तोंड बंद. आणि दुपारी पुन्हा घामाघूम. असं तीनदा झालं. दुसऱ्या खेपेला तर ‘असू द्या थोडा’ म्हणत गॅसही टाकला. जास्तीच्या गॅसने गारवा वाढत नाही, उलट घटतो.

मग थर्मामीटर खोचला. काचा बंद, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू, तापमान सगळ्यात खाली, काडी प्लास्टिकला न टेकवता. कात्रजच्या बायपासला गाडी धावत होती तोवर ८ अंश. पुढे ट्रॅफिकमध्ये रखडलो, तसे पाच-सात मिनिटांत १९. गाडी हलली की पुन्हा खाली. म्हणजे धावत्या गाडीत कंडेन्सरला, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, वारा मिळत होता. उभ्या गाडीत तो पंख्याने द्यायचा, आणि पंखा तापला की मान टाकत होता. आकड्यांचे फोटो दाखवल्यावर मेकॅनिकने भर दुपारी गाडी चालू ठेवून पाहिलं. नाना पेठेतून मोटर आणली, विषय संपला.

थर्मामीटरलाही समजून घ्यावं लागतं. पावसाळ्यात आकडा दोन-चार अंश वर दिसेल. दमट हवेतलं पाणी काढण्यात एसीची बरीच ताकद जाते. आकडा चांगला पण वारा मरगळलेला असेल, तर आधी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) काढून झटका. आणि मेच्या कोरड्या उन्हात गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून कपाळाला हात लावू नका.

गारवा एका दिवसात गायब झाला असेल, तर मीही सरळ गेजकडेच जाईन. पण येऊन-जाऊन असेल, तर माझ्या मते आधी चार दिवस थर्मामीटर. गेज नंतर लावाच, फक्त दुपारची वेळ मागून घ्या.