बीफचा स्ट्यू: वेल्सचा काउल की किरगिझ दिमदामा?

डॉक्टरकी शिकलो बिश्केकमध्ये, नोकरी करतो वेल्समध्ये, स्वॉन्सीला. दोन्हीकडच्या चवी एका पातेल्यात आणायचा खटाटोप गेली काही वर्षं हौसेनं चालू आहे. थंडी सुरू झाली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "किलोभर बीफ आणलंय, काउलसारखं करू की तुमच्या किरगिझ पद्धतीनं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काउल, म्हणजे वेल्सचा मांस-भाज्यांचा रस्सा, आणि शोर्पो, म्हणजे त्याच जातीचा किरगिझ रस्सा, यांच्यात निवड करत बसू नका. दोन्हींचा पाया एकच आहे: हाडासकट मांस, भरपूर पाणी, मंद आच, बटाटा आणि गाजर. वेल्समध्ये त्यात स्वीड (सलगमच्या कुळातला, आतून पिवळसर कंद) आणि लीक (कांद्याच्या कुळातली जाड, लांब पात) पडतं, किरगिझस्तानात वरून शेपू आणि कोथिंबीर. बिश्केकला पहिल्यांदा वाडग्यावर शेपू तरंगताना पाहिला तेव्हा मला घरची आठवण आली होती. असो. खरी निवड आहे ती पाण्यात शिजवायचं की वाफेवर, म्हणजेच काउल की दिमदामा.

दिमदामा हा आपल्या दम देण्याच्या जातीचा प्रकार. कझान नावाच्या जाड, खोल कढईत तळाला चरबीदार मांस, त्यावर कांदा, गाजर, बटाटा, लसणाचे अख्खे गड्डे असे थर लावायचे, सगळ्यात वर कोबीची पानं पसरायची आणि झाकण घट्ट बसवायचं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मांसावरचा कांदा विरघळून मांसाला धरतो आणि वरच्या भाज्यांचं पाणी खाली उतरतं. जिऱ्याला तिथेही झिराच म्हणतात. बिश्केकच्या ओश बाजारात सुटा मिळतो, वासानं आपल्या शहाजिऱ्याच्या जवळ जातो. पहिल्या ताटापुरतं बोलायचं तर दिमदामा काउलपेक्षा चविष्ट लागतो, हे मला मान्य आहे.

तरी मी तो बीफसाठी करायचं सोडलं, आणि कारण एकच. गोठणारी चरबी.

बीफची चरबी लवकर थिजते. एकदा रात्रपाळीला दिमदामा डब्यात नेला होता. गरम केला, चार घास खाल्ले आणि मध्येच बोलावणं आलं. वीस मिनिटांनी परत आलो तर चमच्याच्या खोलगट भागात पांढरा थर बसलेला. बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला, तर टाळूला मेण फासल्यासारखं झालं. वर गार पाणी प्यायलो, त्यानं ते आणखीच घट्ट बसलं. दिमदामात ही चरबी काढायची म्हटली तरी काढता येत नाही, कारण ती बटाट्यात आणि कोबीत मुरलेली असते. किरगिझ घरांत याची अडचण होत नाही. तिथे जेवण वाफाळतं असताना संपतं आणि सोबत गरम चहाचे पियाले एकामागून एक भरले जातात. इथे मी एकटा जेवतो, तेही तुकड्या-तुकड्यानं. माझ्यासारखं ज्यांचं जेवण अर्ध्यावर राहतं, त्यांना हा त्रास होईल असं वाटतं.

काउलमध्ये हा प्रश्न आपोआप सुटतो. वेल्समध्ये दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या काउलला खास नाव आहे, 'काउल एइल्ड्विम', आणि तोच जास्त चांगला मानतात. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की चरबीची अख्खी चकती वर येते. सुरीनं कड सोडवली की भाकरीसारखी उचलता येते.

माझी मिसळण इथूनच सुरू होते. शिन, म्हणजे पायाचं मांस, नळीसकट घ्या. नुसतं पाणी आणि मीठ घालून, वरचा फेस काढत, अडीच-तीन तास मंद शिजवा. किरगिझस्तानातल्या कुणी वेळ सांगितली तर जशीच्या तशी धरू नका. बिश्केक साधारण 800 मीटरवर आहे आणि सोन-कुल तळ्याकाठची कुरणं 3,000 मीटरवर. त्या कुरणांवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मांसाला बराच जास्त वेळ लागतो.

सकाळी चकती काढा, पण सगळी टाकू नका. त्यातली दोन चमचे चरबी कढईत वितळवून जिरं तडतडू द्या, मग उभा चिरलेला कांदा आणि गाजराचे जाड तुकडे चांगले परता. हे सगळं रश्श्यात ओता, स्वीड आणि बटाटे घाला. लीक शेवटची दहा मिनिटं, त्याआधी नाही. उतरवताना ठेचलेला लसूण. दिमदामाचा वास बराचसा येतो आणि रश्श्यावर तवंगही बेताचाच राहतो. सोबत पाव आणि वेल्सचं केरफिली चीज. त्याच्या खारट-आंबट चवीत मला किरगिझ कुरुतची, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, आठवण येते.

आठ-दहा माणसं एकत्र बसणार असतील आणि आजच खायचं असेल, तर खुशाल दिमदामा करा. बीफ असेल आणि दोन-तीन दिवस पुरवायचं असेल, तर मी काउलकडेच बोट दाखवीन.

शेपू मात्र वाडग्यात वाढतानाच घाला. पातेल्यात घातला तर दुसऱ्या दिवशी काळपट पडतो.