गुडघ्यात स्वतःच्याच रक्ताचं इंजेक्शन (पीआरपी): माझा अनुभव

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचपासून ओट्याशी उभी असते. दोन वर्षांपूर्वी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ यायला लागली, मग स्टेशनचा पूल नकोसा झाला. एक्स-रेमध्ये झीज निघाली, ग्रेड दोन, म्हणजे सौम्य.

आधी जिथे गेले तिथे म्हणाले, पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल (नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) गुडघ्यात सोडू, कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकावरचं मऊ आवरण, नवी तयार होईल. पावणेदोन लाख, आणि बुकिंग आजच करा. मुलीने घरी आयसीएमआरची (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवली. रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल उपचार फक्त संशोधनासाठी मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतात. तिथे परत गेले नाही. असं खोटं आश्वासन देऊन दुखणाऱ्या माणसाकडून पैसे काढणं मला फार वाईट वाटतं.

नंतर ठाण्यातल्या एका छोट्या दवाखान्यात पीआरपी घेतलं, म्हणजे माझ्याच रक्तातल्या प्लेटलेटचं (रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांचं) इंजेक्शन. पैसे भरायच्या आधीच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, याने कूर्चा उगवत नाही. दुखणं कमी झालं तर होईल." ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या, २०२१ साली छापून आलेल्या चाचणीबद्दलही त्यांनीच सांगितलं: वर्षभरानंतर पीआरपी आणि नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन यांत म्हणावा असा फरक दिसला नव्हता. हे ऐकूनही मी हो म्हटलं, कारण इथे कुणी फसवत नाहीये याची खात्री पटली.

आठवडाभर आधी वेदनाशामक गोळ्या बंद. त्या दिवशी दंडातून रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं. लाल भाग खाली बसला, वर पिवळसर पाणी आलं. त्यातला प्लेटलेटचा भाग सोनोग्राफीत बघत गुडघ्यात सोडला. तीन दिवस गुडघा फुगून जड झाला होता, केंद्र बंद ठेवावं लागलं. हे मात्र आधी नीट सांगायला हवं होतं.

एका इंजेक्शनचे आठ हजार, मेडिक्लेममध्ये मिळाले नाहीत. सोबत फिजिओथेरपिस्टने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायचा व्यायाम दिला, तो मी रोज करते. दीड महिन्याने पूल न थांबता चढले. इंजेक्शनमुळे की व्यायामामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मांडी घालून अजून बसता येत नाही.

पाचपैकी चार तारे. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटना तपासायला खाली एक खोली कराच.