कुयरी, पाकळी, वेलबुट्टी: कोरलड्रॉ, इंकस्केप की इलस्ट्रेटर?

पत्रिकेच्या कोपऱ्यातली कुयरी, आठ पाकळ्यांचं फूल, कडेनं फिरणारी वेलबुट्टी. एवढ्या कामाला कोरलड्रॉ, इंकस्केप आणि इलस्ट्रेटर ही रेषांनी नक्षी काढायची तिन्ही सॉफ्टवेअर पुरून उरतात. पहिली पाकळी काढताना फारसा फरक जाणवत नाही. आठही पाकळ्या मांडून झाल्यावर ‘पाकळी जरा अरुंद हवी होती’ असं वाटतं तेव्हा तो कळतो, आणि मग फाइल छापखान्यात गेल्यावर.

कुयरीची रीत सगळीकडे एकच. लंबवर्तुळ काढून त्याचं वक्ररेषेत रूपांतर करा: कोरलमध्ये कंट्रोल+क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट+कंट्रोल+सी. इलस्ट्रेटरमध्ये हे करावंच लागत नाही, डायरेक्ट सिलेक्शननं नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) थेट पकडता येतात. वरचा नोड टोकदार करून बाजूला ओढा आणि शेजारच्या नोडांच्या हँडलनी (नोडातून निघणाऱ्या दांड्यांनी) मान वळवा. चार नोड पुरतात. शेंडा आत मुडपायचा असेल तर सहा. माउसनं मोकळ्या हातानं काढलेल्या कुयरीत नोडांची गर्दी होते आणि मोठ्या आकारात छापली की कड खडबडीत दिसते. ‘सिम्प्लिफाय’नं नोड कमी होतात, पण शेंडाही बोथट होतो. त्यापेक्षा नव्यानं काढलेली बरी.

आता आठ पाकळ्या.

कोरलड्रॉत पाकळीवर सावकाश दोनदा क्लिक करून फिरण्याचा केंद्रबिंदू देठाशी आणा, ऑल्ट+एफ8 नं फिरवण्याचा डॉकर (बाजूची चौकट) उघडा, कोन 45, प्रती 7. दहा सेकंदांचं काम. पण या प्रती एकमेकींशी बांधलेल्या नसतात. एक पाकळी बदलली तर उरलेल्या सात पुसून पुन्हा फिरवायच्या. 2018 च्या आवृत्तीपासून ‘सिमेट्री’ आली आणि ही अडचण बरीच सुटली, पण छापखान्यांत त्याआधीच्या आवृत्त्या अजून सर्रास दिसतात.

इलस्ट्रेटरची जुनी पद्धत म्हणजे आर दाबून, ऑल्ट धरून देठाशी क्लिक, 45 अंश, ‘कॉपी’, मग कंट्रोल+डी सहा वेळा. त्यातही प्रती सुट्याच राहतात. 2020 च्या अखेरीस आलेलं ‘रिपीट’मधलं ‘रेडियल’ मात्र जिवंत असतं: आत शिरून एक पाकळी बदला, सगळ्या बदलतात. छपाईला देण्याआधी ‘एक्स्पांड’ करायला, म्हणजे पाकळ्या सुट्या आकारांत बदलायला विसरू नका.

इंकस्केपची वाट लांब, पण हाताशी सर्वाधिक ताबा तिथेच. केंद्रबिंदू देठाशी आणा, ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ उघडा (क्लोन म्हणजे मूळ पाकळीशी बांधलेली प्रत), रो 1, कॉलम 8, ‘शिफ्ट’मध्ये एक्सला प्रति कॉलम −100%, ‘रोटेशन’मध्ये प्रति कॉलम 45 अंश. ते −100% द्यायचं राहून गेलं की फुलाऐवजी पाकळ्यांची रांग लागते. नवशिके इथेच अडतात. शिवाय पहिला क्लोन मूळ पाकळीवरच बसतो. रंग अर्धपारदर्शक असेल तर एकच पाकळी गडद दिसते आणि कटिंग प्लॉटर (स्टिकर कापणारं यंत्र) तीच रेघ दोनदा कापतो. खालच्या पट्टीवर ‘क्लोन’ लिहिलेलं पाहून तीच पुसा, कारण मूळ पाकळी पुसली तर बाकीच्यांचा दुवाच तुटतो. क्लोनना वेगवेगळे रंग द्यायचे असतील तर मूळ पाकळीचा रंग आधी प्रश्नचिन्हाच्या बटणानं ‘अनसेट’ करावा लागतो.

नक्षी लहानमोठी करताना रेषेची जाडीही सोबत बदलायला हवी. कोरलमध्ये एफ12 दाबून ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची खूण करा (जुन्या आवृत्त्यांत ‘स्केल विथ इमेज’). इंकस्केपमध्ये वरच्या पट्टीवर त्याचं बटण आहे, तर इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्समध्ये ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’. ही खूण नसेल तर दोन इंचांची नक्षी फ्लेक्सवर मोठी करताच रेघा केसासारख्या होतात.

छपाईत कोरल आणि इलस्ट्रेटर पुढे आहेत, कारण दोन्ही सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत काम करतात. इंकस्केप 1.4 ची पीडीएफ आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच निघते. काळी रेघ चार शाईंची बनते आणि प्लेट जराशी सरकली तरी कडेला रंगीत सावली दिसते. उपाय सोपा आहे: छापणाऱ्याला काळा 100 आणि बाकी तिन्ही शून्य करून घ्यायला सांगा. कोरलची अडचण उलटी. नव्या आवृत्तीतली सीडीआर (कोरलची फाइल) जुन्यात उघडत नाही, म्हणून ‘सेव्ह ॲज’मध्ये आवृत्ती खाली आणा.

मराठी मजकुराचं काय? इंकस्केपमध्ये युनिकोड जोडाक्षरं सरळ येतात. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सच्या टाइप विभागात ‘इंडिक ऑप्शन्स’ सुरू करून परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरजुळणीची सोय) लावावा लागतो. नाहीतर पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मोडतं, म्हणून तिथे अजून जुने बिगर-युनिकोड फाँट चालतात. कुठेही टाइप करा, देताना अक्षरांचे कर्व्ह (वक्ररेषा) करूनच द्या.

पैशाचा हिशेब: इंकस्केप फुकट, इलस्ट्रेटर फक्त वर्गणीवर, म्हणजे वर्गणी थांबली की काम थांबलं. गावातल्या प्रेसशी रोजचा व्यवहार असेल तर कोरलच घ्या आणि त्यांच्याकडची आवृत्ती आधी विचारा. मोबाइलवरची शुभेच्छापत्रं, वेबसाइट किंवा स्टिकर कापणं हे काम असेल तर इंकस्केपवर एक रुपयाही घालवायची गरज नाही. इलस्ट्रेटरचा खर्च एजन्सी किंवा परदेशी ग्राहक इलस्ट्रेटरची एआय (.ai) फाइलच मागत असेल तरच वसूल होतो.